डोंगर सरकतोय का, हे उपग्रहाला विचारताना

प्रश्न थोडक्यात असा: महाड-पोलादपूर पट्ट्यातलं गाव, दरडप्रवण गावांच्या यादीत नाव. गावामागचा डोंगर पश्चिमेकडे तोंड केलेला, उतारावर झाडी, वरच्या सपाटीवर दोन पावसाळ्यांपूर्वी पडलेली भेग. सेंटिनेल-1 या युरोपीय उपग्रहांचा रडार डेटा फुकट मिळतो आणि त्यातून मिलिमीटरपर्यंत हालचाल मोजता येते असं वाचलं. तर डोंगर सरकतोय का हे कळेल का, आणि पावसाळ्यात आधी इशारा मिळेल का?

या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. डोंगर वर्षाकाठी काही सेंटिमीटर अशा वेगाने रांगत असेल तर रडारला ते दिसण्याची बरी शक्यता आहे. पावसाळी रात्रीचा इशारा मात्र या डेटातून मिळणार नाही. मिळेल असं सांगून कुणी ग्रामपंचायतीला प्रकल्प विकत असेल, तर त्याला खालचं वाचायला द्या.

सह्याद्रीत माणसं गाडणाऱ्या दरडी बहुतांशी एकाच जातीच्या आहेत. माळीण 30 जुलै 2014 ला, तळिये 22 जुलै 2021 ला, इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री. काळ्या कातळावर कुजलेल्या खडकाचा, मुरमाचा आणि मातीचा थर असतो. संततधार पावसात तो पाण्याने भरतो, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, खालच्या कातळाशी असलेली पकड सुटते आणि थर चिखल-दगडांचा लोंढा होऊन मिनिटांत खाली येतो. तळियेच्या वेळी डोंगरापलीकडच्या महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस नोंदला गेला होता. अशा घटनेआधी महिनोन् महिने मोजता येईल इतकी हालचाल होईलच असं नाही. सेंटिनेल-1 चा एक उपग्रह त्याच जागी, त्याच कोनातून 12 दिवसांनी परत येतो. दोन उपग्रह जोडीने चालले तर 6 दिवसांनी, तेही त्या भागाची नोंद प्रत्येक फेरीत घेतली जात असेल तर. डिसेंबर 2021 मध्ये जोडीतला 1बी हा उपग्रह बंद पडला आणि 1सी डिसेंबर 2024 मध्ये वर गेला, त्यामुळे मधल्या तीन वर्षांच्या मालिकेत 12 दिवसांहून दाट नोंद शोधत बसू नका. दोन फेऱ्यांच्या मध्ये सगळा डोंगर खाली येऊ शकतो आणि उपग्रहाच्या दृष्टीने तो फक्त ‘आधी होता, आता नाही’ एवढाच उरतो.

मग जोशीमठचं कसं दिसलं, असं हमखास विचारलं जातं. जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने 27 डिसेंबर ते 8 जानेवारी या 12 दिवसांत 5.4 सेंमी आणि त्याआधीच्या सात महिन्यांत सुमारे 9 सेंमी खचल्याचं जाहीर केलं होतं. पण ते शहर जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेलं, सिमेंटच्या घरांनी भरलेलं, झाडी कमी, आणि खचणं संथ. रडारला याहून सोयीची जागा मिळत नाही. चीनच्या सिचुआनमध्ये शिनमो इथे जून 2017 मध्ये कडा कोसळला, तिथेही आधीची वाढत गेलेली हालचाल सेंटिनेलच्या डेटात सापडली. सापडली ती मात्र कोसळल्यानंतर, नेमकं कुठे बघायचं हे ठाऊक झाल्यावर.

तुमच्या डोंगरावर भेग आहे, ही रडारच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. भेग म्हणजे काहीतरी सरकलं आहे. ते अजून सरकतंय का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे आणि त्याच्यासाठी पुढची खटपट करायला हरकत नाही.

डेटा उतरवण्याआधी उताराची दिशा पाहा. रडार मोजतं ते फक्त उपग्रह आणि जमीन यांच्यातल्या अंतरातला बदल, म्हणजे दृष्टिरेषेतली हालचाल. सेंटिनेल-1 उजवीकडे बघतो. उत्तरेकडे चढणाऱ्या फेरीत तो पूर्वेकडे बघतो, दक्षिणेकडे उतरणाऱ्या फेरीत पश्चिमेकडे. आता 30 अंशांचा पश्चिममुखी उतार आणि 38-39 अंशांचा आपाती कोन (लहर उभ्या रेषेपासून किती तिरकी येते तो कोन) धरून गणित करा. उतरत्या फेरीत उपग्रह पूर्वेला असतो. माती उताराने पश्चिमेकडे आणि खाली जाते तेव्हा ती उपग्रहापासून जवळजवळ सरळ दूर जाते, आणि खऱ्या हालचालीचा सुमारे 0.9 भाग दृष्टिरेषेत पडतो. चढत्या फेरीत तोच आकडा 0.15 च्याही खाली येतो, कारण आडवी हालचाल उपग्रहाच्या दिशेने आणि उभी त्याच्यापासून दूर, दोन्ही एकमेकांना खातात. शिवाय त्या फेरीत उपग्रहाकडे तोंड केलेला उतार चित्रात आक्रसतो आणि आपाती कोनाहून उभा कडा असेल तर माथा पायथ्यावर आडवा पडतो. म्हणून कोकणाकडच्या पश्चिममुखी उताराला सेंटिनेलची उतरती फेरीच घ्या. डोंगर उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून असता, तर कुठल्याही फेरीत निम्म्याहून कमीच हालचाल दिसली असती, कारण ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह उत्तर-दक्षिण हालचालीबाबत जवळपास आंधळा असतो. आपल्या भागात कोणती फेरी सातत्याने उपलब्ध आहे हे हा डेटा पुरवणाऱ्या एएसएफच्या (अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटी) शोधनकाशावर आधी तपासा. हवी ती फेरी नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

दुसरी चाळणी आकाराची. मूळ पिक्सेल साधारण 5 बाय 20 मीटरचा, पण गोंगाट कमी करायला बरेच पिक्सेल एकत्र करावे लागतात. एएसएफची मागणीनुसार इंटरफेरोग्राम (दोन तारखांच्या रडार चित्रांमधल्या फरकाचा रंगीत नकाशा) करून देणारी सेवा पूर्ण चित्रांसाठी 80 किंवा 40 मीटरचा आणि एकेका बर्स्टसाठी, म्हणजे चित्राच्या छोट्या तुकड्यासाठी, 20 मीटरपर्यंतचा पिक्सेल देते. तुमच्या भेगेखालचा तुकडा 60 मीटर रुंद असेल तर 80 मीटरच्या पिक्सेलमध्ये तो विरघळून जाईल. बर्स्टचा पर्याय घ्या. एका गावासाठी 250 किलोमीटर रुंदीचं अख्खं चित्र उतरवून, प्रत्येकी काही जीबीच्या फायलींनी डिस्क भरण्यात अर्थ नाही. आणि गुगल अर्थ इंजिनमध्ये हे काम होत नाही. तिथे सेंटिनेल-1 ची जीआरडी चित्रं आहेत, त्यात परतलेल्या लहरीची ताकद असते, फेज नसते. फेजशिवाय सरकणं मोजता येत नाही. यासाठी एसएलसी, म्हणजे फेज राखून ठेवलेलं चित्र लागतं. ही चूक इतके लोक करतात की ती इथेच सांगितलेली बरी.

फेज म्हणजे लहरीचा टप्पा. सेंटिनेलच्या लहरीची लांबी 5.55 सेंमी, लहर जाऊन परत येते म्हणून अंतरात 2.8 सेंमी बदल झाला की रंगांचं एक पूर्ण चक्र होतं. त्याच्या आतला बदल मिलिमीटरमध्ये मोजता येतो, पण चक्रं किती झाली हे रडार सांगत नाही. ते शेजारच्या पिक्सेलवरून जोडत न्यावं लागतं. त्यालाच अनरॅपिंग म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी स्नाफू हे साधन वापरतात. शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये दोन तारखांदरम्यान 1.4 सेंमीहून जास्त फरक पडला की जोडणी चुकू शकते. 12 दिवसांच्या हिशेबाने ही कागदावरची मर्यादा वर्षाला 42-43 सेंमी होते. झाडीत ती यापेक्षा बरीच खाली असते.

झाडी हाच आपल्याकडचा खरा अडसर. 5.55 सेंमीची लहर पानांवरून, फांद्यांवरून परतते. पुढच्या फेरीत पान हललेलं असतं, गवत वाढलेलं असतं आणि दोन चित्रांचा मेळ, म्हणजे कोहेरन्स, तुटतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घाटातल्या उतारांवर तो जवळजवळ शून्य धरा. नोव्हेंबरात गवत सुकतं, पुढे पानझड होते, आणि नोव्हेंबर ते मे हा आपला मोजणीचा हंगाम. त्यातही खाचखळगे आहेत. राब भाजला की ते शिवार अनोळखी होतं. पावसाआधी शाकारणी झाली, कौलं उतरवून पत्रे चढले, भिंतींना झड बांधली, की त्या घराची जुनी खूण गेली. वळिवाच्या पहिल्या सरीने माती ओली झाली तर नुसत्या ओलाव्याने काही मिलिमीटरची खोटी हालचाल दिसते. टिकून राहतं ते उघडा कातळ, सडा, गावठाणातली पक्की घरं, पाण्याची टाकी, डांबरी रस्त्याच्या कडेच्या भिंती. भातखाचरांवर भरवसा ठेवू नका.

जोड्या कशा निवडायच्या, यावर बरंच काही ठरतं. कोरड्या हंगामात प्रत्येक तारखेची पुढच्या तीन-चार तारखांशी जोडी लावा. फक्त 12 दिवसांच्या जोड्यांची साखळी कोहेरन्सच्या दृष्टीने सुंदर दिसते, पण एकत्र केलेल्या पिक्सेलमध्ये झाडी आणि ओलावा यांचा एक छोटासा, एकाच दिशेचा दोष राहतो. तो कडी-कडीने साठतो आणि वर्षाअखेरीस न हलणारा उतारही सरकताना दिसतो. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या लांब जोड्याही मिसळा. पावसाळा ओलांडायला आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीची या वर्षीच्या फेब्रुवारीशी, मार्चची मार्चशी अशी वर्षभराची जोडी लावा. झाडी दोन्ही वेळी सारख्याच अवस्थेत असल्यामुळे यातल्या काही जोड्या तग धरतात. एकही धरत नसेल तर प्रत्येक कोरडा हंगाम स्वतंत्र ठेवा. मधल्या पावसाळ्यावर सरळ रेघ ओढून ‘वार्षिक वेग’ काढणं म्हणजे डोंगर ज्या महिन्यांत हलतो तेच महिने अंदाजाने भरणं.

सेवेकडून आलेले इंटरफेरोग्राम मिंटपाय या संगणक प्रणालीत घालून हालचालीची तारीखवार मालिका काढता येते. त्यात कालिक कोहेरन्सची (काढलेली मालिका सगळ्या जोड्यांशी किती जुळते याचं माप) उंबरठा-किंमत मुळात 0.7 असते. उतारावर पिक्सेल कमी उरतात म्हणून ती 0.4 वर आणण्याचा मोह होतो. जे जास्तीचे ठिपके दिसू लागतात ते बहुतेक गोंगाटच असतो. ठिपके वाढवायचे असतील तर गावठाण आणि कातळ यांपुरती स्थिर परावर्तकांची (न बदलणाऱ्या एकेका ठिपक्याची मालिका काढणारी) पद्धत वापरा. त्यासाठी निदान 20-25 तारखा हव्यात. अनरॅपिंगची चूक ओळखायला तीन तारखांचे तीन इंटरफेरोग्राम घेऊन पहिल्या-दुसऱ्याची आणि दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज करा, त्यातून पहिल्या-तिसऱ्याची वजा करा. उत्तर शून्याजवळ यायला हवं. पूर्ण एका चक्राएवढं उरलं तर जोडणी फसली आहे. मालिकेत एका तारखेला सरळ 2.8 सेंमीची उडी दिसली की दरडीचा विचार मागाहून करा, आधी ही बेरीज.

आता हवेकडे. हवेतल्या बाष्पाने लहर मंदावते आणि ते अंतर वाढल्यासारखं दिसतं. सापेक्ष आर्द्रतेत 20 टक्क्यांचा फरक 10 सेंमीपर्यंतची चूक आणू शकतो. आपल्याकडे काही किलोमीटरच्या आडव्या अंतरात कोकणातली दमट हवा संपते आणि घाटमाथ्याची वेगळी हवा लागते. त्यामुळे फेज उंचीबरोबर बदलते, आणि नकाशावर पायथा स्थिर व माथा सरकतोय असं छान, पटण्यासारखं चित्र उमटतं. हे ओळखायची युक्ती साधी आहे: प्रत्येक जोडीसाठी आडव्या अक्षावर उंची, उभ्या अक्षावर फेज असा आलेख काढा. संपूर्ण डोंगररांग एका तिरक्या रेघेत बसली तर ती हवा. खरी दरड त्या रेघेबाहेर पडलेल्या थोड्या पिक्सेलमध्ये असते आणि तिच्या कडा भेगेशी, ओढ्याशी जुळतात. ईआरए5 या हवामान मालिकेवरून दुरुस्ती करता येते, पण तिचा चौकोन साधारण 30 किलोमीटरचा आहे. त्यात घाटाचा कडा मावतच नाही. गावाच्या दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात उंचीनुसार स्थानिक दुरुस्ती करणं जास्त कामाचं. संदर्भबिंदूही, म्हणजे ज्याला स्थिर धरून बाकीचं मोजायचं तो ठिपका, तसाच निवडा: जवळचा, कातळावरचा आणि भेगेच्याच उंचीच्या आसपासचा. महाडच्या बाजारपेठेतली पक्की इमारत संदर्भ म्हणून घेतली, तर 600-700 मीटर उंचीची सगळी हवा तुमच्या उत्तरात येईल.

उंचीच्या नकाशाचीही एक फसगत आहे. कोपर्निकसचा 30 मीटरचा मोफत उंचीनकाशा 2011 ते 2015 मधल्या मोजण्यांवर आधारलेला आहे. त्यानंतर रस्त्यासाठी डोंगर कापला असेल, खाण खोदली असेल, तर तिथली चुकीची उंची हालचालीचं सोंग घेते. ही चूक दोन कक्षांमधल्या अंतराच्या प्रमाणात बदलते, वेळेच्या नाही. त्यावरून ती पकडता येते.

एवढं करून दृष्टिरेषेतला वेग मिळतो. त्याला उताराच्या दिशेत बदलण्यासाठी वरच्या 0.9 सारख्या गुणांकाने भागा. गुणांक 0.3 च्या खाली असलेले पिक्सेल गाळा, नाहीतर गोंगाट तिप्पट-चौपट फुगून लालभडक दरड तयार होते. चिन्ह कोणत्या बाजूचं, हे प्रत्येक साधनात तपासा. मिंटपायमध्ये अधिक म्हणजे उपग्रहाच्या दिशेने. मिलिमीटरचा दावा शहरातल्या मोकळ्या, दाट ठिपक्यांना शोभतो. घाटातल्या तुटक मालिकेत वर्षाला 5 ते 10 मिमीच्या आतला वेग मी ‘हलतंय’ या रकान्यात टाकणार नाही.

निसारमुळे यात बराच फरक पडावा. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या भारत-अमेरिका उपग्रहाच्या एल-बँड रडारची लहर 24 सेंमीची आहे, ती पानांमधून बरीचशी आत जाते आणि एक चक्र 12 सेंमीचं असल्याने जोडणीही कमी फसते. फेरी इथेही 12 दिवसांचीच, त्यामुळे इशाऱ्याबद्दल वर म्हटलेलं तसंच राहतं. पण निसार डावीकडे बघतो. म्हणजे सेंटिनेलसाठी केलेला फेरीचा हिशेब उलटा करायचा: पश्चिममुखी उताराला निसारची चढती फेरी. सवयीने उतरती फेरी उचलणाऱ्याला महिन्याभराच्या कामानंतर रिकामा नकाशा मिळेल. शिवाय लांब लहरीवर आयनांबराचा (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराचा) परिणाम जास्त. सेंटिनेलच्या तुलनेत सुमारे 18 पट. विषुववृत्तालगतच्या आपल्या पट्ट्यात आणि विशेषतः संध्याकाळच्या नोंदीत ही दुरुस्ती टाळून चालत नाही.

झाडीवर तोडगा म्हणून कोपरा-परावर्तक बसवता येतो. अॅल्युमिनियमच्या तीन काटकोनी त्रिकोणी पत्र्यांचा, 1 मीटर बाजूचा. झाडीच्या पार्श्वभूमीवर तो सेंटिनेलला ठळक दिसतो आणि मिलिमीटरच्या आत फेज देतो. भेगेच्या खालच्या अंगाला दोन, वरच्या स्थिर कातळावर एक, असे निदान तीन लागतात, आणि एका पिक्सेलमध्ये दोन येऊ देऊ नका. उतरत्या फेरीसाठी तोंड पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकतं, उत्तरेपासून सुमारे 100 अंशांवर. आपाती कोन 39 अंश असेल तर पुढची कड साधारण 16 अंश वर उचलावी लागते, म्हणून पाणी मागच्या टोकात साचतं. तिथे भोक पाडा आणि पालापाचोळा काढत जा. पत्र्याला मुळातच बारीक छिद्रं असतील तर वारा आणि पाणी दोन्हींचा त्रास कमी. पाया मुरमात घेतला तर पाया हलेल आणि तुम्ही पायाच मोजत बसाल. अॅल्युमिनियम चोरीला जातं, हेही खर्चात धरा.

पावसाळ्यासाठी लागणारी साधनं याहून स्वस्त आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंना कातळात किंवा काँक्रीटमध्ये लोखंडी खुंट्या, त्यांच्यातलं अंतर स्टीलच्या टेपने, तीन ठिकाणी, पावसाळ्यात रोज, एकाच माणसाने वहीत. भेगेवर पाणी मुरू नये म्हणून चर काढून ते वळवणं. गावात पर्जन्यमापक, सकाळी साडेआठची नोंद रोज आणि मुसळधार असेल तेव्हा तासाची. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा पाऊस चालू असताना आटणं, नवा झरा फुटणं, विजेचे खांब कलणं, या खुणा दिसल्या की उपग्रहाच्या पुढच्या फेरीची वाट बघायची नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पाहणीसाठी अर्ज करताना खुंट्यांची वही आणि रडारचा नकाशा दोन्ही जोडा. वहीमुळे नकाशाला वजन येतं.

नकाशा सरपंचांच्या हातात देण्यापूर्वी रंग तपासा. सरकणारे ठिपके लाल, स्थिर ठिपके हिरवे, आणि मधला झाडीचा सगळा भाग पारदर्शक, अशी नेहमीची मांडणी असते. मागे उपग्रहाचं हिरवंगार छायाचित्र असलं की तो पारदर्शक भागही हिरवाच दिसतो, आणि जिथे रडारला काहीच मोजता आलं नाही तो उतार सुरक्षित म्हणून वाचला जातो. असा भाग करड्या आडव्या रेघांनी भरा. उताराचा किती टक्के भाग मोजलाच गेला नाही, तो आकडा शीर्षकातच मोठ्या अक्षरात छापा.